स्वमग्नता : एका संशोधिकेची वाटचाल आणि आपले कर्तव्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.

हाक मारली तरी वळून न पाहणारे, एकच खेळ तासन्‌तास खेळणारे मूल आपण सर्वांनी पाहिलेले असते. ते हट्टी ठरते आणि त्याची आई दोषी ठरते. हा दोषारोप केवळ अडाणीपणातून येतो असे नाही. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला नाव दिले. पण पुढे १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्या नामवंतांनी आईच्या थंडपणालाच जबाबदार धरले. अशा काळात ऊटा फ्रिथ या विदुषी लंडनमध्ये संशोधन करीत होत्या.

१९४१ साली जर्मनीत जन्मलेल्या ऊटाबाई प्रथम कलेतिहासाकडे वळल्या होत्या. नंतर मानसशास्त्राकडे आल्या. लंडनमध्ये १९६८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. आईचा स्वभाव तपासण्याऐवजी त्यांनी मुलाचे मन माहिती कशी ग्रहण करते, हे तपासले. १९७७ साली फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासून आनुवंशिकतेचा वाटा दाखविला, तेव्हा आईवरील आरोपाचा पायाच ढासळला.

१९८५ साली सायमन बॅरन-कोहेन आणि ॲलन लेस्ली यांच्यासह त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एक बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते. दुसरी ती गोटी पेटीत हलविते. पहिली परतल्यावर गोटी कुठे शोधील? सामान्य मुलांपैकी बहुतेकांनी ‘टोपलीत’ असे अचूक सांगितले. २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी पेटी दाखविली. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळी समजूत असू शकते, हे ताडणे त्यांना अवघड जाते, असा निष्कर्ष निघाला. उरलेल्या चौघांचे उत्तर मात्र बरोबर होते. म्हणजे एकाच किल्लीने सारी कुलुपे उघडत नाहीत. ऊटाबाईंनी हे ओळखले आणि तपशिलावर खिळणाऱ्या दृष्टीचाही विचार मांडला. त्या दृष्टीत केवळ उणीव नाही, सामर्थ्यही आहे.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. आदिलाबादेत मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी शेजारी नांदतात. मूल बोलेनासे झाले की ‘भाषांचा गोंधळ झाला’ असे म्हणून वर्षे वाया जातात. बहुभाषिक वातावरणाने स्वमग्नता येते किंवा वाढते, याला संशोधनात आधार नाही. आईने आपल्या भाषेत बोलणे थांबवू नये.

सुमारे तीनशे किलोमीटरवरील सिकंदराबादच्या राष्ट्रीय मतिमंदत्व संस्थेने २००९ साली भारतीय मोजपट्टी तयार केली. पालकांशी बोलून आणि मुलाचे निरीक्षण करून ४० बाबींना प्रत्येकी एक ते पाच गुण दिले जातात. ७० पासून पुढे स्वमग्नता मानली जाते. १९९५ च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्याने तिला स्थान दिले. प्रमाणपत्राची वाट त्यामुळे मोकळी झाली.

परंतु त्या वाटेवरचे पहिले पाऊल वर्गातच पडते. शिक्षकाने पालकांना बोलावून तक्रार न करता निरीक्षण सांगावे, तपासणीचा आग्रह धरावा आणि मुलाला एका वेळी एकच, स्पष्ट सूचना द्यावी. दिनक्रमात बदल असेल तर तो आधी चित्राने दाखवावा. यासाठी पैसा लागत नाही, धीर लागतो.

दुसऱ्याचे मन ओळखणे त्या मुलाला कठीण जाते, असे शास्त्र सांगते. त्याचे मन ओळखण्याचा प्रयत्न आपण किती केला, हा प्रश्न मी आपणा सर्वांपुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.