स्वयंभू माणसामागची माणसे : लक्ष्मणराव किर्लोस्कर

(मंडळाच्या गतवर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यान)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे. या दोहोंच्या मध्ये बोलणाऱ्याने लांबण लावू नये, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून थेट विषयाला येतो.

आपल्या बेळगावात किर्लोस्कर रोडवरून आपण सगळेच जातो-येतो. पण हे नाव रस्त्याला का पडले, असे मुलांना विचारले तर बरीचशी गप्प बसतात. दोष मुलांचा नाही. सांगायचे आपणच राहून गेलो.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक; मुलाचे मन मात्र पुस्तकात रमेना. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले. तिथे कळले की डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? पण लक्ष्मणराव रडत बसले नाहीत. ज्यात रंग लागत नाहीत ते यांत्रिक आरेखन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. पुढे बढतीत डावलले गेले, तेव्हा पक्की नोकरी सोडून बेळगावला परतले. आम्ही स्वतः डिप्लोमा घेऊन सरकारी खात्यात चिकटलेले. बढतीची यादी लागली की आमच्या पोटात काय होते ते आमचे आम्हालाच माहीत. राजीनामा लिहायला किती धैर्य लागत असेल!

बेळगावात 1888 पासून सायकलींचे दुकान होतेच. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि थोरले बंधू रामूअण्णा इथे विकत. पुढे कडबाकुट्टीची यंत्रे आली आणि मग लोखंडी नांगर. गिऱ्हाईक मात्र मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली! दोन वर्षे माल पडून असताना घर कसे चालले असेल, याचा विचार गृहिणींनी करून पाहावा.

नांगर खपू लागला तोच नगरपालिकेने वाढत्या वस्तीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. बांधलेला संसार मोडला. त्या वेळी पाठीशी उभे राहिले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांचे वारूळ! 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर असे सहकारी बरोबर राहिले. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी रखवालीचे काम दिले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी केली. जसा विश्वास स्वतःला मिळाला, तसाच त्यांनी पुढे वाटला.

1920 मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आले. ज्येष्ठांपैकी अनेकांच्या घरी हे अंक वाचले गेले असतील. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून आले आणि पंपापासून तेलावरच्या इंजिनापर्यंत पसारा वाढला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, 1969 साली, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता आमचे म्हणणे. अशा माणसाला आपण स्वयंभू म्हणतो. पण स्वयंभू गणपतीलाही कुणीतरी शेंदूर लावतो, कुणीतरी डोक्यावर छप्पर घालतो, तेव्हा देऊळ उभे राहते. लक्ष्मणरावांचे कष्ट त्यांचेच. पण रामूअण्णा नसते, औंधचे राजे नसते, तर ते कष्ट बेळगावातच विरले असते. राजांनी नांगरात पैसे गुंतवले नाहीत, माणसात गुंतवले.

एक कबुली देतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला एक डिप्लोमा झालेला मुलगा आमच्याकडे आला होता. त्याला पंप दुरुस्तीचे वर्कशॉप काढायचे होते, एक जुने लेथ मशीन स्वस्तात मिळत होते. आम्ही काय सांगितले? “बाळ, आधी सरकारी परीक्षा दे, हे धंद्याचे खूळ नंतर बघ.” लेथ दुसऱ्याने नेले. मुलगा पुण्यात कंत्राटी कामावर आहे. दिवाळीला भेटतो, वाकून नमस्कार करतो आणि आम्हाला त्याच्याकडे बघवत नाही. दोन वर्षे नांगर न खपलेल्या माणसाची जयंती साजरी करणारे आम्ही, त्या पोराला दोन महिनेही द्यायला तयार नव्हतो.

म्हणून मंडळाला विनंती आहे. मखर आणि रोषणाईतून उरणाऱ्या रकमेतला काही भाग दरवर्षी बाजूला ठेवावा आणि धंदा करू पाहणाऱ्या आपल्या एखाद्या मुलाला वा मुलीला बिनव्याजी द्यावा. परत आला की पुढच्याला द्यावा. आमच्यातर्फे पहिली देणगी आजच खजिनदारांकडे देत आहोत. रक्कम लहान आहे. पण राजे एकच होते. आपण इथे शे-दोनशे आहोत.

विद्येच्या देवतेपुढे एवढे बोलून थांबतो. गणपती बाप्पा मोरया!