रात्री पोर रडले तर?

गेल्या उन्हाळ्यात माझे एक बागाईतदार स्नेही मला पाचगणीला घेऊन गेले. आठ वर्षांच्या मुलासाठी इंग्रजी धर्तीची निवासी शाळा पाहायची होती. हिरवळ, पोहण्याचा तलाव पाहून ते हरखले. मी गृहपालांना एवढेच विचारले, “रात्री पोर रडले तर उठतं कोण?” त्यांना चटकन उत्तर देता येईना.

तुम्हीही हे आधी विचारा. मग परीक्षेची चौकशी करा. केंब्रिजची आय.जी.सी.एस.ई. १९८८ पासून चालू आहे. ती साधारण आपल्या दहावीच्या जागी. पुढची दोन वर्षे ‘ए लेव्हल’ची. तिथे विषय मोजकेच घेतात. मुलाला डॉक्टर व्हायचे असेल, तर भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही हवेतच. एक सुटला की वाट अडली. फी कितीही भरा!

आणि अशी शाळा घराजवळ असेल, तर लहान मुलाला दिवसा शाळा नि रात्री घर हेच बरे.

स्नेह्यांचा मुलगा सध्या गावातच शिकतो. संध्याकाळी आजीजवळ बसून पाढे म्हणतो. बारा वर्षांचा झाला, की त्यालाच विचारायचे ठरले आहे.