'वाघ दिसला का?'



विद्यार्थ्यांची सहल पेंचच्या जंगलातून संध्याकाळी नागपूरला परतते, तेव्हा दारातच पहिला प्रश्न येतो : 'वाघ दिसला का?' उत्तर 'नाही' असले, की दिवस वाया गेला असे घरात मानले जाते. खरे म्हणजे त्या दिवसाचे मोल या एका प्रश्नाने होत नाही.

या प्रश्नाचा हट्ट कोठवर जातो, हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. 'एफ-२' वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. ती योग्यच होती. परंतु 'अजून जवळ घ्या' असा आग्रह धरणारा पर्यटकही अशा दोषाचा वाटेकरी असतो. वाघिणीला वाट मोकळी करून देणे हा जंगलातील पहिला शिष्टाचार आहे.

पेंच १९७५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्प झाले. तेथील साग, ऐन, मोह, तेंदूच्या सावलीत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. झाडावरचे वानर पाला खाली टाकते, चितळ तो खाते. संकट दिसताच दोघेही परस्परांना सावध करतात. तो इशारा ऐकून जवळच्याच गावचा मार्गदर्शक गाडी थांबवतो आणि धुळीतली पावले वाचतो. हे ज्ञान पुस्तकी नव्हे. वनखात्यात सेवा करीत असताना मारुती चितमपल्ली यांनी वनवासींच्या सहवासात ते वेचले आणि मराठीत आणले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी तोतलाडोहाच्या काठी आवर्जून समजून घ्यावी. सातपुड्यातून येणारी पेंच नदी या वनातून वाहते आणि तिचे पाणी नागपूरकरांची तहान भागवते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, पाऊस जमिनीत मुरतो, धरणात गाळ कमी येतो. वाघामुळे तृणभक्षकांच्या संख्येला मर्यादा राहते आणि नवी रोपे वाढू शकतात. वाघ आणि वन परस्परांचे रक्षक आहेत, हा विचार महाभारताच्या उद्योगपर्वातही आला आहे. म्हणजे वाघ डोळ्यांना दिसला नाही, तरी त्याने राखलेल्या वनाचे पाणी घरच्या नळाला रोज येतच असते.

म्हणून सहलीला निघताना भडक कपडे, मोठा आवाज आणि प्लॅस्टिक घरीच राहावे. आणि मूल परतल्यावर पालकांनी विचारावे, 'आज जंगलात काय ऐकलेस?' ज्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर देता येईल, तेच उद्या त्या वनाचे राखणदार होईल.