शिणलेले हृदय सावरते तेव्हा



मिनिटाला ७२ ठोके धरले, तरी हृदय दिवसाला लाखाहून अधिक वेळा धडकते. हा वेग आठवडे-महिने १२० च्या वर राहिला, तर स्नायू शिणतो, डावा कप्पा फुगतो, धाप लागते, पावलांवर सूज येते. गॉसेज व ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १९१३ सालीच याची नोंद केली होती.

कल्याण-डोंबिवलीहून लोकलने ठाण्यास येणारे रुग्ण धडधडीचा दोष पुलाच्या जिन्याला, गर्दीला वा वयाला देतात. (गर्दी खरीच आहे, म्हणून तर फसगत होते.) पुढे इकोत पंपिंग ३० टक्क्यांवर आलेले पाहून घरची मंडळी खचतात. परंतु हे दुखणे पुष्कळदा मागे फिरते. औषधांनी वा अ‍ॅब्लेशनने ठोके ताळ्यावर आले, की बहुधा काही महिन्यांत स्नायू सावरतो. वाढलेला वेग हे कारण की परिणाम, हे मात्र आरंभी नेहमी उमगत नाही. कित्येकदा स्नायू सुधारल्यावरच निदान पक्के होते. म्हणून चोवीस तासांची होल्टर तपासणी आम्हांस मोलाची वाटते.

बरे वाटताच गोळ्या सोडल्या आणि ठोके पुन्हा बिघडले, तर हृदय पूर्वीपेक्षा लवकर ढासळते. यास्तव इको सुधारलेल्या रुग्णांसही आम्ही तपासणीस बोलावीत राहतो.