ताराबाईंचा सवाल

1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येसाठी फाशी सुनावली गेली. अपिलात शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चालचलणुकीवर ताशेरे झडू लागले. ही भाषा आजही ओळखीची वाटते, याचं वाईट वाटतं.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे गप्प बसल्या नाहीत. 1882 मध्ये त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. ज्या दोषांचं खापर बायकांवर फोडता, ते पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा रोखठोक सवाल. नाटक-कादंबऱ्यांतल्या खोट्या स्त्रीचित्रणालाही त्यांनी सोडलं नाही. टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले. पुढे विस्मरणात गेलेलं हे पुस्तक 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणलं. छोटंसंच आहे. आवर्जून वाचा.