पेडल स्टीलचे वादक बडी एमन्स

हवाईयन गिटारचा सूर चित्रपटगीतांमुळें मराठी श्रोत्यांच्या ओळखीचा आहे. त्याच वाद्याची अमेरिकेंत वाढलेली शाखा म्हणजे पेडल स्टील गिटार. नॅशव्हिलच्या कंट्री संगीतांत तिला आज जें स्थान आहे, त्याचें श्रेय ज्या थोड्या वादकांकडे जातें त्यांत बडी एमन्स (१९३७-२०१५) अग्रगण्य होत.

या वाद्याच्या तारा आडव्या असतात आणि वादक त्यांच्यापुढें बसतो. डाव्या हातांतील पोलादी दांडी सरकली कीं तिच्याखालच्या साऱ्या तारांचे सूर एकदमच चढतात वा उतरतात. ही मूळची अडचण. पेडल दाबलें असतां ठराविक तारच ताणली जाते. वेब पिअर्स यांच्या १९५४ मध्यें गाजलेल्या 'स्लोली' या गाण्यांत बड आयझॅक्स यांनीं हा चमत्कार लोकांच्या कानीं घातला; परंतु त्यांचें पेडल दोन सूर एकत्रच चढवी. एमन्स यांनीं १९५६ च्या सुमारास तें काम दोन पेडलांत वांटलें. भारतीय स्वरांच्या भाषेंत सांगावयाचें तर, एक पेडल पंचमास धैवतावर नेतें, दुसरें गंधारास मध्यमावर. षड्ज जागचा हलत नाहीं. मींड येथील कानांस नवी नाहीं. पण शेजारचा सूर अचल ठेवून घेतलेली ही मींड निराळीच वस्तु आहे, आणि तिचा मोह आवरणें हीच एमन्स यांची खरी थोरवी.

रे प्राइस यांच्या १९६३ च्या 'नाइट लाइफ' या ध्वनिमुद्रिकेंत ती ऐकावी. शीर्षकगीताच्या आरंभींच स्टीलचा ब्लूज वळणाचा आलाप येतो. गायक येतांच तो बाजूस सरतो. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या जाझ वादकांसह केलेल्या 'स्टील गिटार जाझ'मध्यें सॉनी रोलिन्स यांची 'ओलिओ' आहे. तेथील चपळाई थक्क करते हें खरें. तथापि मनांत रेंगाळतें तें संथ वादनच.

प्रत्यक्ष मैफलींत या वाद्याला देखाव्यास वाव थोडा. सेंट लुईच्या स्टील वादकांच्या संमेलनांत एमन्स वाजवीत, तेव्हां समोर स्वतः वाजविणारेच पुष्कळ असत. एरव्हीं त्यांचें आयुष्य साथीचें: अर्नेस्ट टब, रे प्राइस, पुढें एव्हर्ली बंधु. गाणें दुसऱ्याच्या नांवानें खपे. वादकांत मात्र पेडलांच्या मांडणीस आजहि दोन नांवें आहेत: 'एमन्स' आणि 'डे'. जिमी डे यांनीं तींच पेडलें उलट क्रमानें लाविलीं, एवढाच काय तो भेद.