वहीतले साडेचारशे रुपये
(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखापाल ताईंनी केलेलं भाषण)



मला "मुलींना कॉमर्सला घाला" असं सांगायला उभं केलंय. ते सांगतेच, पण आधी आमच्या गटाची एक गोष्ट ऐका.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. मासिक बैठकीत पेटी उघडली, तर वहीपेक्षा साडेचारशे रुपये कमी. तिनदा मोजले. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा सचिव ताईंकडे गेल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी पदरचे साडेचारशे आणून पेटीत टाकले, आणि महिन्याभरात गट सोडला. भरपाई केली म्हणजे खाल्लेच असणार, असं लोक म्हणाले. मीही तेव्हा गप्प बसले, हे इथं कबूल करते.

पुढं मी बी.कॉम.ला नाव घातलं. बारावी लग्नाआधी झाली होती. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र तालुक्याच्या कॉलेजात आहे. पुस्तकं मराठीत, अभ्यास घरी, रात्री भांडी आवरून. एके दिवशी सर चुका शोधायला शिकवत होते. म्हणाले, फरकाच्या रकमेला नऊनं पूर्ण भाग गेला, तर आधी बघा आकड्यांची अदलाबदल झालीय का. माझ्या डोक्यात साडेचारशे आले. नऊ पन्नासं साडेचारशे! घरी येऊन जुनी वही काढली. एका सभासदाचा कर्जाचा हप्ता १,७२० लिहिलेला, तिच्या पासबुकात १,२७०. पैसे गेलेच नव्हते, आलेच नव्हते. सात आणि दोन यांची जागा बदलली होती, आणि ती नोंद माझ्या हातची होती.

वही घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी बराच वेळ ते पान बघितलं. म्हणाल्या, "आता काय उपयोग?" साडेचारशे परत घेतले नाहीत. गटातही परत आल्या नाहीत.

म्हणून मी हिशेबाच्या शिक्षणाबद्दल पोटतिडकीनं बोलते. ते कठीण नाही. निम्मं तुम्हाला येतंच. गटानं एखादीला पाच हजार कर्ज दिलं की पेटीतले पाच हजार कमी होतात आणि तिच्याकडून येणं पाच हजारांनी वाढतं. एका व्यवहाराच्या दोन बाजू. यालाच द्विनोंदी पद्धत म्हणतात आणि अकरावीचं 'पुस्तपालन व लेखाकर्म' इथूनच सुरू होतं. पुढं रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. आता एक विचारते. आपली बचत ताळेबंदात कुठल्या बाजूला येते? निम्म्या जणी म्हणतील, संपत्तीत. नाही. ती सभासदांची आहे, गटाला परत द्यायची आहे, म्हणून ती देणं आहे. हे ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून बाई ताळेबंदावर डोळे झाकून सही करत नाही.

बी.कॉम.ला याच्या पुढचं शिकवतात. कर, लेखापरीक्षण, कंपनी कायदा, बँकिंग, आणि परिव्यय म्हणजे वस्तू बनवायला खरा खर्च किती आला ते. आपण पापडाचा भाव काढताना उडदाची डाळ आणि पापडखार धरतो. गॅस, पिशवी, बाजारापर्यंतचं रिक्षाभाडं, आपली मजुरी सोडून देतो. मग वर्षाच्या शेवटी म्हणतो, धंदा चालतोय पण हातात काही राहत नाही.

आता नोकरीचं. खरं सांगते, नुसतं बी.कॉम. करून नोकरी दारात येत नाही. टॅली आणि जीएसटीचं विवरणपत्र भरणं शिकावं लागतं, आणि पहिली एक-दोन वर्षं एखाद्या कर सल्लागाराकडे कमी पगारात काढावी लागतात. पण पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना, शेतकरी उत्पादक कंपनी, कुठंही हिशेबाचं माणूस लागतंच. जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक लेखा अशी पदं असतात. राज्यसेवेच्या वाटेनं वित्त व लेखा सेवेत अधिकारीही होता येतं.

आपल्या भागातल्या मुलींना माहीत नसलेली एक परीक्षा आहे, जी.डी.सी. अँड ए. म्हणजे शासकीय सहकार व लेखा पदविका. राज्याचा सहकार विभाग घेतो, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बसता येतं. पास होऊन अनुभव मिळवला की सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करण्याची वाट उघडते. सोसायट्या आपल्याकडे गावोगाव आहेत. तपासायला मात्र शहरातून माणूस येतो.

सी.ए. व्हायचं असेल तर ते विद्यापीठात होत नाही. त्याची संस्था वेगळी, १९४९ च्या कायद्यानं झालेली. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, मग फायनल, आणि मधे दोन वर्षं सी.ए.च्या हाताखाली काम, त्याचं विद्यावेतन मिळतं. कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी झाली असेल तर फाउंडेशन द्यावं लागत नाही. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठीत नाही. बऱ्याच मुली मधल्या टप्प्यावर अडकतात. अडकली तरी बी.कॉम. हातात राहावं म्हणून दोन्ही सोबत करा, असं मी सांगते.

बायकांना हे जमतं का, असं आमच्या गावात एकानं मला विचारलं होतं. मद्रासच्या आर. शिवभोगम स्वातंत्र्य चळवळीत वर्षभर तुरुंगात होत्या. हिशेबनीस व्हायचं त्यांनी तिथंच ठरवलं आणि १९३३ मध्ये लेखाशास्त्राची सरकारी पदविका मिळवली, असं करणाऱ्या देशातल्या पहिल्या बाई. तुरुंगात गेलेल्यांची नोंदणी करायची नाही असा तेव्हा नियम होता. त्याविरुद्ध त्या कोर्टात गेल्या, जिंकल्या आणि मग व्यवसाय केला. त्या माणसाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ते मद्रासचं झालं.

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरात काय होतं? कॉमर्सचं कॉलेज तालुक्याला, आर्ट्सचं जवळ, म्हणून पोरीला आर्ट्स. एस.टी.चा पास काढायची तयारी मुलासाठी होते. घरी बोलताना नवऱ्याला सासूबाईंसमोर विचारा, एकटं गाठून नको. आमच्याकडे तरी सासूबाईच आधी तयार झाल्या.

अकरावी-बारावीची पुस्तकं मी सोबत आणलीत, तिकडं चहाच्या टेबलावर ठेवलीत. चाळून बघा, मुलींना दाखवायला न्या, पुढच्या बैठकीला परत आणा. नेताना वहीत नाव लिहा, आणि परत केल्यावर माझी सही घ्या.